पटांगण आयत नाही

तिसरीच्या गणिताच्या पुस्तकावर शेफिकाचा पहिल्यापासून राग. त्या पुस्तकात आयत कायम पोटावर झोपलेला आणि चौरस कायम सावधान उभा. फळ्यावर तिनं चौरस जरा टोकावर उभा केला की वर्ग ओरडायचा, "बाई, आता तो चौरस राहिला नाही!"

"का रे हारून, तू रात्री आडवा झालास की हारून राहत नाहीस? तुझी आई काय दुसऱ्याच्या पोराला पांघरूण घालते?"

वर्ग हसला, हारूनही हसला, आणि चौरसाची अब्रू वाचली.

पण दर वेळी असं हसवून भागत नाही, म्हणून तिनं पोरांना एक हत्यार करून दिलं. कसलाही कागद घ्यायचा, बेकरीतल्या पुड्याचा चालेल. एकदा घडी घालायची, मग घडीवर घडी नीट बसवून पुन्हा घालायची. जो कोपरा हाती येतो तो काटकोन. पोरं त्याला 'टोक' म्हणायला लागली.

"हे खिशात ठेवायचं," शेफिकानं बजावलं. "कुणी म्हणालं की अमुक कोपरा काटकोन आहे, तर मान डोलावायची नाही. टोक लावून बघायचं. मी म्हणाले तरी लावायचं."

हे वाक्य जेनितानं फारच मनावर घेतलं. जेनिता म्हणजे बेकरीवाल्याची धाकटी. पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या फटीतून एकदा जे बाहेर पडलं ते ती कुणाच्या बापासाठी मागं घ्यायची नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं बाईंना उभं केलं.

"बाई, चौरसाला चार काटकोन आहेत. समोरासमोरच्या बाजूपण सारख्या आहेत. मग तो आयतच झाला की."

"ह्या!" हारून म्हणाला. "चौरस चौरसांचा, आयत आयतांचा. एक माणूस दोन्हींकडचा कसा असेल?"

"असतो," शेफिका म्हणाली. "आयताच्या घरात शिरायला लागतं काय? चार काटकोन. ते चौरसाकडं आहेत. वर त्याच्या चारही बाजू सारख्या, ते त्याचं जास्तीचं. तेवढ्यासाठी कुणी त्याला घराबाहेर काढत नाही."

"आपल्या गावात काढतील," हारून म्हणाला.

यावर मात्र शेफिकाला हसू आलं नाही, कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं. बोस्नियातल्या यासेनपोल्ये गावची शाळा म्हणजे एक इमारत आणि तिच्यात दोन शाळा. डाव्या दारानं बोस्नियाकांची, म्हणजे शेफिकाकडच्या मुसलमानांची मुलं आत जाणार, उजव्या दारानं क्रोएटांची, म्हणजे कॅथलिकांची. घंटा दोन, मुख्याध्यापक दोन, पुस्तकं दोन तऱ्हेची, आणि मागं, इमारतीच्या दोन बाजूंच्या भिंतींमधल्या पटांगणाच्या मधोमध जाळीचं कुंपण. त्या दोघांतली लढाई संपली तेव्हा शेफिका स्वतः दप्तर घेऊन शाळेत जात होती. आता ती शिकवत होती, आणि कुंपण होतं तिथंच होतं. दोन्हीकडची माणसं त्याच्याबद्दल एक गोष्ट मात्र एकसुरात सांगत. वाटणी अगदी सारखी झाली. सरळ रेघ मारून. आयताचे दोन आयत.

शेफिकानंही आजवर हे कधी तपासलं नव्हतं. तपासायला सवड कुणाला होती? तिची नोकरी एकेका वर्षाची. जूनमध्ये संपायची, ऑगस्टमध्ये जाहिरात निघायची, ती अर्ज करायची आणि मुख्याध्यापक नुसरेत सरांनी मान हलवली तरच सप्टेंबरमध्ये पुन्हा खडू हाती. नवरा झियाद स्लोव्हेनियात रस्त्याच्या कामावर होता, तो गुडघा निकामी करून घेऊन घरी येऊन बसला होता. घर चालत होतं ते तिच्या खडूवर. गावात लाकडाचा एक कारखाना होता तोही बंद पडलेला. त्यामुळं नुसरेत सरांच्या मानेकडं तिला दर वर्षी बघावं लागे, आणि त्याचा तिला संताप येई.

मे महिन्यात तिनं वर्ग पटांगणात काढला. काम सोपं होतं. आयत शोधून आणा. पोरं सुटली. दार आयत, खिडकी आयत, फरशी चौरस म्हणून आयतही. कुणी बाकाचा, कुणी कचऱ्याच्या पेटीच्या झाकणाचा कोपरा टोक लावून तपासला. झाकण नापास झालं. जेनिता एकटीच कुंपणाच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. तिथं पाण्याचा नळ होता आणि नळाखाली बारा महिने चिखल.

"बाई," तिनं हाक मारली, "आपलं पटांगण आयत नाही."

"चल!" हारून धावत आला. "पटांगण आयतच असतं. माझे आजोबा होते कुंपण घालताना."

"मग आजोबांना बोलव. हे बघ टोक. इथं फट राहते."

हारूननं आपलं टोक लावलं. फट राहिली. त्यानं कागद उलटा करून लावला, तरी राहिली. मग तो मोठ्या माणसासारखा म्हणाला, "तुझ्या नळानं जमीन खचली असेल."

शेफिका स्वतः येऊन वाकली. फट होती. खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा मजा जास्त वाटली.

"कोपऱ्यावर विश्वास नाही ना? मग बाजू मोजू," ती म्हणाली. कपडे वाळत घालायची दोरी मागवली. नळाच्या टोकाला इमारतीच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत दोरी ताणली आणि गाठ मारली. तीच दोरी घेऊन वरात पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथं कुंपणापलीकडं जुनं अक्रोडाचं झाड होतं. तिथं दोरी ताणली, तर गाठ कुंपणाच्या पार पलीकडं गेली. तिच्या टोकाला लोंबकळणारा हारून जाळीवर आपटला.

"समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या नाहीत," जेनिता बोटं मोजत म्हणाली. "भिंतीकडचे दोन कोन काटकोन. कुंपणाकडचे दोन नाहीत. फक्त दोन बाजू समांतर. बाई, हा समलंब चौकोन आहे."

आता पलीकडंही गंमत बघायला पोरं जमली होती. त्यांच्या बाई, अंकित्सा, तिसरीचाच वर्ग घेऊन खेळायला आल्या होत्या. शेफिका आणि अंकित्सा एकेकाळी एका बाकावर बसलेल्या, तेव्हा शाळा एकच होती. आता त्या बाजारात भेटल्या की बटाट्याच्या भावाबद्दल बोलत आणि निघून जात.

"तुमचंच वाकडं!" पलीकडचा याकोव नावाचा एक लांबुडका मुलगा ओरडला. "आमचं बघा, एकदम सरळ!"

"टोक लावून बघ मग," जेनितानं जाळीतून आपला कागद आत सरकवला.

"असल्या कागदानं काय होतं?"

"लाव की. घाबरतोस?"

याकोवनं लावलं. त्याच्या मागच्या मुलींनी फट बघितली आणि ओरडा सुरू केला. अंकित्सानं शेफिकाकडं बघितलं. "दे ती दोरी," ती म्हणाली.

पलीकडची मोजणी झाली. नळाकडं त्यांची बाजू आखूड, अक्रोडाकडं लांब. म्हणजे इकडं जे होतं तेच, पण उलटं. शेफिकानं पोरांना दोन्ही पटांगणं कागदावर काढून कापायला लावली. पलीकडचा तुकडा जाळीतून इकडं आला. जेनितानं तो फिरवला, पालथा घातला, पुन्हा फिरवला आणि आपल्या तुकड्याच्या तिरक्या कडेला टेकवला. दोन्ही मिळून आयत झाला. चारही कोपऱ्यांना टोक बरोबर बसलं.

मग पोरांचं एका आवाजात भांडण सुरू झालं, की यातलं सुलटं कुणाचं आणि उलटं कुणाचं. शेफिकाला त्या भांडणाचाही आनंद झाला, कारण त्यासाठी दोन्ही बाजूंना आपापला कागद पुन्हा फिरवून बघावा लागत होता.

घरी जाऊन हारूननं आजोबांना धरलं. आजोबा आधी म्हणाले सरळच आहे, मग म्हणाले जवळजवळ सरळ, आणि शेवटी सगळं बाहेर आलं. रेघ सरळच मारली होती. पण खांब पुरायच्या दिवशी आपल्या लोकांना नळ हवा झाला आणि त्यांच्या लोकांना अक्रोड. मग नळाकडचा खांब थोडा तिकडं सरकवला, अक्रोडाकडचा तेवढाच इकडं. दोन्हीकडं सारखंच दिलं-घेतलं, म्हणून दोन्हीकडं सांगायचं ठरलं की रेघ सरळ आहे. ठरलं म्हणजे ठरलं, आणि पुढं माणसं ते विसरूनही गेली.

शेफिकानं ते कागदी पटांगण वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं. खाली जेनिताच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आमचं पटांगण समलंब चौकोन आहे. त्यांचंपण.'

दोनच दिवसांनी नुसरेत सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर कॉफीचं तांब्याचं भांडं, दोन कप. कॉफी स्वतः ओतली, म्हणजे बातमी वाईट होती.

"शेफिका, ते भिंतीवरचं काढ."

चारचौघांत ते तिला 'बाई, तुम्ही' म्हणत. एकटी असली की 'तू', कारण सहावीत त्यांनीच तिला गणित शिकवलं होतं.

"का, सर? चुकलंय का काही?"

"चुकलंय की नाही हा प्रश्नच नाही. समलंब चौकोन तुला मीच शिकवला, मला नको शिकवू." त्यांनी साखरेचा खडा कॉफीत बुडवून तोंडात टाकला. "पुढच्या आठवड्यात परदेशी संस्थेचे पाहुणे येतायत. पटांगणावर हिरवं गवत अंथरून देतायत, प्लॅस्टिकचं, पाऊस पडला तरी चिखल नाही. दोन्ही शाळांना सारखं द्यायचं ही त्यांची अट. आम्ही नकाशा पाठवला, स्रेच्कोनं पाठवला." स्रेच्को म्हणजे पलीकडचे मुख्याध्यापक. "दोन्ही नकाशांत आयत. सारखे आयत. आता तुझी ती बेकरीवाल्याची पोर पाहुण्यांसमोर तोंड उघडेल आणि म्हणेल, हे आयत नाही. मग पाहुणा विचारेल, कुंपण तिरकं का? मग लोक विचारतील, कुणी कुणाला किती दिलं? तीस वर्षांनी पुन्हा तेच उकरायचंय तुला?"

"मी काही उकरलं नाही. मुलांनी कोपरा मोजला."

"मग मुलांना सांग, जवळजवळ आयत आहे."

"जवळजवळ आयत असं काही नसतं, सर. तुम्हीच माझा पेपर तपासताना लिहिलं होतं."

सरांचा चेहरा जरा आंबला. "हे बघ. पाहुण्यांसमोर तुझा वर्ग कार्यक्रम करणार. पटांगणाचा आकार विचारला तर उत्तर आयत. त्या पोरीला मागं बसव, नाहीतर तिला सांग की तिचं चुकलं. हे झालं तर सप्टेंबरमध्ये तू वर्गावर. नाही झालं तर ऑगस्टमध्ये अर्ज करायचे कष्ट घेऊ नकोस. झियादचा गुडघा कसाय?"

गुडघ्याची चौकशी त्या जागी आली याचा तिला इतका राग आला, की कप खाली ठेवताना बशी वाजली.

"बराय," ती म्हणाली आणि उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

"शेफिका. पण मोठं कुणाचं भरलं?"

"सारखं," ती म्हणाली. "अगदी सारखं. नुसतं उलटं."

सरांना ते आवडलं नाही. त्यांना बहुतेक आपलं मोठं हवं होतं, निदान पलीकडच्यांचं तरी. म्हणजे बोलायला काहीतरी राहिलं असतं.

ती घरी गेली आणि झियादला सांगितलं. तो कांदा चिरत होता. बसून होतील अशी सगळी कामं आता त्याच्याकडं होती.

"मग सांग ना पोरीला, आयत आहे म्हणून," तो म्हणाला. "मोठी झाल्यावर कळेल तिला."

"काय कळेल?"

तो सुरी थांबवून विचार करायला लागला. "की बाईंना नोकरी होती," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते इतकं वाईट वाटलं की तो कांद्यावर डोळे पुसायला लागला. शेफिकानं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

तिनं जेनिताला मागं बसवलं नाही. कागदही काढला नाही. दर दिवशी वर्गात शिरताना ती त्याच्याकडं बघायची, आणि नोकरीची भीती पोटात घेऊनच कर्ण शिकवायला लागायची.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. गवताच्या दोन गुंडाळ्या ट्रकमधून उतरल्या, एक इकडं, एक तिकडं. पाहुणा उंच, पांढऱ्या भुवयांचा, सोबत एक दुभाषी मुलगी. आई-बाप कडेनं उभे, मांस-चीज भरलेल्या खमंग पिटाची ताटं टेबलावर. हारून आणि कंपनी इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून बसलेली. स्रेच्को पलीकडं आपल्या पाहुणचारात. दोन्हीकडं भाषणं एकाच वेळी चालू होती, त्यामुळं कुणाचंच नीट ऐकू येत नव्हतं.

कामगारांनी भिंतीला कड लावून गुंडाळी उलगडायला सुरुवात केली. नळाच्या टोकाला गवत सुरू झालं तेव्हाच काहीतरी बिनसलं. गवताच्या कडेपासून कुंपणापर्यंत चिखलाचा मोठा पट्टा उघडाच राहिला. कामगार म्हणाले, पुढं बसेल. पुढं पट्टा चिंचोळा होत गेला, मधोमध गवत आणि कुंपण टेकले, आणि तिथून पुढं गवत कुंपणाखाली शिरायला लागलं. अक्रोडाच्या टोकाला तर जाळी गवताच्या कडेवर स्वार झाली आणि गवत तिच्यावर गोळा होऊन बसलं. पलीकडंही तेच, पण उलट्या टोकाला. नळाकडं त्यांचं गवत जाळीला धडका देत होतं.

भाषणं थांबली. पिटा खाणारेसुद्धा थांबले.

"गवत चुकीचं कापलंय," नुसरेत सर घाईनं म्हणाले. "कारखान्याची चूक आहे ही."

"कारखान्याचीच!" पलीकडून स्रेच्को ओरडला. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

दुभाषी मुलीनं ते पाहुण्याला सांगितलं. पाहुण्यानं खिशातून नकाशा काढला, गवताकडं बघितलं, कुंपणाकडं बघितलं, आणि पुन्हा नकाशाकडं. मग त्यानं समोर बसलेल्या मुलांना, हसून, सहज म्हणून विचारलं. दुभाषीनं ते आपल्या भाषेत केलं, "मुलांनो, तुमचं पटांगण कोणत्या आकाराचं आहे?"

इस्त्रीच्या कपड्यांतून जेनिता उभी राहिली. नुसरेत सरांनी शेफिकाकडं बघितलं. शेफिकानं त्यांच्याकडं बघितलं नाही.

"समलंब चौकोन," जेनिता म्हणाली. "गवत बरोबर आहे. गवत आयत आहे. कुंपण तिरकं आहे."

कडेनं उभ्या आई-बापांत कुजबुज झाली. जेनिताच्या बापानं, पिठाच्या हातानं, कपाळाला हात लावला. नुसरेत सर मोठ्यानं हसले, पण ते हसू गालांपर्यंतच पोचलं.

"लहान आहे, गोंधळलीय. बाई, तुमची विद्यार्थिनी आहे, जरा तिची चूक सुधारा बघू."

आता सगळे शेफिकाकडं बघत होते. जेनिताही. त्या पोरीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती वाट बघणं होतं, की बाई काय म्हणतात. तेच शेफिकाच्या जिव्हारी लागलं. आपण 'आयत' म्हणालो तर ही पोर टोक खिशातून काढून फेकून देईल, आणि पुढं आयुष्यभर कुणी सांगेल त्याला मान डोलावेल.

"तिची चूक नाही," शेफिका म्हणाली. मग तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "सुधारायला काही नाही, सर. ती बरोबर आहे. आणि तुम्हाला माझ्या आधीपासून माहितेय."

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि कामगारांना म्हणाले, "कापा. कुंपणाच्या रेघेनं जास्तीचं सगळं कापून टाका."

"आमच्याकडंपण!" स्रेच्को म्हणाला.

कामगारानं सुरी काढली. हारून इतका चिडला की नियम विसरून मध्येच ओरडला, "अहो पण नळाजवळ चिखल राहणार आणि इकडचं चांगलं गवत फेकून देणार? याला काही अर्थाय का?"

"कापायची गरजच नाही," जेनिता त्याला म्हणाली, जणू आसपास मोठी माणसं नव्हतीच. "आपलं जास्तीचं त्यांच्या कमीच्या जागी जातं. त्यांचं आपल्या. कागदावर नाही का बसलं? जाळी नुसती वर उचलायची आणि खालून ओढायचं."

पाहुण्यानं दुभाषीला हळूच विचारलं, ती काय म्हणाली. मुलीनं सांगितलं. त्याच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या, आणि त्यानं नकाशा घडी घालून खिशात ठेवला. परगावच्या माणसानं अशा वेळी बोलू नये, एवढं त्याला कळत होतं.

"त्यांचं गवत आपल्याकडं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आणि आपलं त्यांच्याकडं? आता हेच राहिलं होतं!"

शेफिका कामगाराच्या पुढं जाऊन उभी राहिली. अक्रोडाच्या टोकाला, जिथं गवत जाळीवर गोळा झालं होतं, तिथं ती खाली बसली आणि जाळीची सर्वांत खालची तार दोन्ही हातांनी धरली. तार जुनी, गंजलेली, हाताला कापणारी.

"अंकित्सा," तिनं जाळीतून हाक मारली.

अंकित्सा पलीकडं उभी होती, स्रेच्कोच्या अगदी शेजारी. तिचीही नोकरी एकेका वर्षाची. तिनं स्रेच्कोकडं बघितलं, मग आपल्या वर्गाकडं.

"अगं बये, बटाट्याचा भाव मी उद्या सांगते तुला," शेफिका म्हणाली. "आधी हात लाव."

अंकित्सा आली. खोचायला पदर नव्हता म्हणून काय, तिनं बाह्या वर सरकवल्या त्या तशाच तावात. तिनं पलीकडून तार धरली. दोघींनी उचलली. याकोव पोटावर झोपला आणि त्यानं गवताची कड धरून ओढली. इकडून हारूननं ढकलली. गवत सळसळत खालून पलीकडं गेलं आणि तिथल्या उघड्या जागेवर पसरलं. एक सुरकुतीसुद्धा राहिली नाही. पोरं आरडाओरडा करत नळाकडं पळाली.

नुसरेत सर शेफिकाजवळ येऊन वाकले. पाहुण्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ओठ न हलवता ते म्हणाले, "ती जाळी सोड. अजून वेळ गेलेली नाही. नळाकडं हात लावलास, तर तुझी जागा सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कुणालातरी देईन. शप्पथ घेऊन सांगतो."

"द्या," शेफिका म्हणाली. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं आणि ते तिनं स्कर्टला पुसलं. "पण जी कुणी येईल, तिला पहिल्या दिवशी याच पोरांसमोर उभी करा आणि तिच्याकडून वदवून घ्या, की पटांगण आयत आहे. बघा ती किती वेळ टिकते. आणि मी अर्ज करणार, सर. या ऑगस्टला करणार, पुढच्या ऑगस्टला करणार. दर वर्षी तुम्हाला माझ्या तोंडावर सांगावं लागेल, की तुला का घेत नाही. खरं कारण सांगायची हिंमत झाली की सांगा."

ती उठली आणि नळाकडं चालायला लागली. चिखलात तिचे बूट रुतत होते. तिथं पोरं कुंपणाला दोन्ही बाजूंनी लगडली होती, पण त्यांच्यानं तार उचलत नव्हती. आई-बापांतले एक-दोघे पुढं आले, अर्ध्यात थांबले, आणि खाली बघत उभे राहिले. जेनिताचा बाप मात्र थांबला नाही. तो शेफिकाशेजारी चिखलात गुडघे टेकून बसला, आणि पलीकडून अंकित्सा धापा टाकत आली.

"उचला," शेफिका म्हणाली.

तार वर आली. याकोवनं आपल्या बाजूनं गवत ढकललं. त्याची हिरवी कड जाळीखालून इकडं आली आणि चिखलावर सरकायला लागली. जेनितानं ती दोन्ही मुठींत धरली, टाचा रोवल्या आणि मागं मागं जायला लागली.

"बाई, अजून वर घ्या," ती म्हणाली. "अजून थोडं राहिलंय."

शेफिकानं तार अजून वर घेतली.